टेंप्लरांचा नियम की हॉस्पिटलरांचा? संसारी माणसाने कोणता धरावा

नोकरी आणि घर सांभाळून मध्ययुगीन ख्रिस्ती नाइटच्या शिस्तीने जगू पाहणाऱ्यापुढे दोन लिखित नियम आहेत. टेंप्लर या लढवय्या धर्मबंधूंच्या संघाचा नियम ११२९ मध्ये फ्रान्समधल्या त्रुआच्या धर्मसभेत मंजूर झाला. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या हॉस्पिटलरांच्या संघाला पोप दुसरे पास्कल यांनी १११३ मध्ये मान्यता दिली, आणि त्यांचा नियम पुढे संघप्रमुख रेमंड द प्युई यांनी घालून दिला.

टेंप्लर नियमाचा सगळा भर स्वतःला आवरण्यावर आहे. मठाबाहेर असलेल्या बंधूने पहाटेच्या उपासनेऐवजी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ १३ वेळा म्हणायची, सायंप्रार्थनेऐवजी ९ वेळा, प्रार्थनेच्या बाकी प्रत्येक प्रहराला ७ वेळा. सावकाश म्हटले तर १३ वेळांना सहा-सात मिनिटे लागतात. लोकलच्या प्रवासात सहज बसते. सुरुवातीला फक्त पहाट आणि संध्याकाळ धरावी. सगळे प्रहर एकदम धरले की एक चुकतो, आणि त्यापाठोपाठ सगळेच सुटतात. पूर्वी गाजवलेले पराक्रम सांगत बसायलाही या नियमात मनाई आहे, आणि आज तीच पाळायला सर्वांत जड जाते.

मांस आठवड्यातून तीनदाच. मात्र जेवताना दोघांत एक वाडगा, म्हणजे कुणी चोरून अति उपास करत नाही ना, यावर दुसऱ्याची नजर राही. एकट्याने कडक उपास करणाऱ्यावर अशी नजर नसते. अशक्तपणा येतो, चिडचिड घरच्यांवर निघते. म्हणून उपासाचे दिवस जोडीदाराला किंवा धर्मगुरूंना आधीच सांगून ठेवावेत.

हॉस्पिटलर नियमात रुग्ण हा धनी. तो दारी आला की आधी पापनिवेदन आणि ख्रिस्तप्रसाद, मग बिछाना. बंधूंच्या जेवणाआधी जेवण त्याला. ११८२ च्या जेरुसलेममधल्या नियमावलीत तर खाटेची लांबी-रुंदी आरामाची हवी, प्रत्येकाला स्वतःची चादर हवी, शौचाला जाताना अंगावर मेंढीच्या कातड्याचा झगा आणि पायात बूट हवेत, इतके बारकावे आहेत. यात्रेकरू बायकांच्या तान्ह्यांसाठी वेगळे पाळणे होते. करुणा इतक्या नेमकेपणाने लिहून ठेवलेली फार थोड्या ठिकाणी सापडते.

आमचे मत हॉस्पिटलरांच्या बाजूने. टेंप्लर नियमात मठ आणि आज्ञा देणारा वरिष्ठ गृहीत आहे. ते नसले की शिस्त आपल्या लहरीवर चालते. आजाऱ्याकडे ठरल्या वेळी पोचला नाहीत, तर ते त्याच दिवशी कळते. आठवड्याचा एक वार, दोन तास, एकच रुग्ण, असे बांधून घ्यावे. त्याआधी प्रथमोपचार शिकावेत, कारण रुग्णाला चुकीच्या पद्धतीने उचलले तर त्याला इजा होते आणि आपली कंबरही धरते. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे वर्ग भारतातही चालतात.

संघात जायचे असेल तर माल्टा संघ हा हॉस्पिटलरांचाच वारस. त्याच्या तिसऱ्या वर्गातल्या सदस्यांना व्रते घ्यावी लागत नाहीत. टेंप्लर संघ १३१२ मध्ये पोपनेच बरखास्त केला. नाइटपदे देणाऱ्या संघांपैकी आपण स्वतःच्या संघांखेरीज फक्त माल्टा आणि पवित्र कबर हे दोन मानतो, असे व्हॅटिकनने २०१२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा पैसे घेऊन टेंप्लर पदवी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.