चार बाय चारच्या बूथमध्ये कोणता माइक घ्यावा?

सुदामा नगर, लोकमान्य नगर, रामबाग अशा इंदूरच्या मराठी वस्त्यांमधून आवाजाचं काम करू पाहणारे भेटतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो: “बूथ झालाय, आता माइक कोणता घेऊ?” काम बहुतेक मुंबईहून येतं. ऑडिओबुक, जाहिराती, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे व्हिडिओ, कधी डबिंग. आणि बूथ म्हणजे मागच्या खोलीचा कोपरा प्लायने बंद करून केलेली चार बाय चार फुटांची, सात फूट उंचीची जागा. हा आढावा अशाच बूथसाठी आहे. मोठ्या खोलीत हेच माइक वेगळे वागतात.

तुलनेला पाच माइक घेतले आहेत, स्वस्ताकडून महागाकडे: ऑडिओ-टेक्निका एटी२०२०, रोड एनटी१, शूर एसएम७बी, सेनहायझर एमकेएच ४१६ आणि नॉयमन टीएलएम १०३. भाव सारखे हलतात, म्हणून ढोबळ अंदाज पुरे. पहिला दहा हजारांच्या आसपास, दुसरा त्याच्या दुप्पट-अडीचपट, तिसरा त्याहूनही बराच वर, आणि शेवटच्या दोघांसाठी लाखाच्या घरातली तयारी ठेवावी लागते.

आधी बूथबद्दल

माइकवर येण्याआधी बूथचं बोलणं भाग आहे, कारण या मापाच्या जागेत निम्मा निकाल तिथेच लागतो. चार फुटांवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन भिंतींमध्ये साधारण १४० हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. पुरुषाच्या बोलण्यातला मूळ स्वर ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात फिरतो, म्हणजे नेमकी तीच जागा. काही अक्षरं अचानक फुगून येतात आणि क्लायंट म्हणतो, “आवाज डब्यातून येतोय.” लांबी-रुंदी सारखी असली तर दोन्ही बाजूंनी तोच स्वर जोर धरतो. सुतार अजून यायचा असेल तर एक बाजू पाच फूट करून घ्या. तेवढ्याने हे घुमणं १४० आणि ११२ असं दोन ठिकाणी वाटलं जातं.

एक इंची फोमने हे घुमणं जात नाही. फोम फक्त वरचे, तलम आवाज खातो आणि खालचे तसेच ठेवतो, त्यामुळे आवाज आणखीच कोंदट होतो. चार इंच जाडीचं रॉकवूल (दगडाच्या तंतूंची दाट गादी), कापडात गुंडाळून, शक्य तिथे मागे थोडी हवा सोडून लावा. १४० हर्ट्झला तेही पूर्ण पुरत नाही, पण फरक पहिल्याच वाक्यात कळतो.

रॉकवूल आतला घुमारा शोषतं, बाहेरचा आवाज अडवत नाही. सकाळी गाणं वाजवत येणारी महापालिकेची कचरागाडी थांबवायची असेल तर जड दरवाजा आणि त्याच्या चारही बाजूंना फट न राहणारं रबर लागतं. या दोन कामांत लोक गल्लत करतात आणि मग दोष माइकवर जातो.

डायनॅमिक बाहेरचा आवाज घेत नाही, हे खरं का?

पाचांपैकी फक्त एसएम७बी डायनॅमिक आहे, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारा. बाकीचे चार कंडेन्सर, म्हणजे वीज पुरवावी लागणारे आणि जास्त संवेदनशील. एसएम७बीची सगळी कीर्ती या एका समजावर उभी आहे, म्हणून इथे जरा थांबते. दोन माइकांची दिशा सारखी असेल आणि तोंडापासूनचं अंतरही सारखं असेल, तर तुमचा आवाज आणि बाहेरचा गोंगाट यांचं प्रमाण दोघांतही जवळपास सारखंच येतं. माइक डायनॅमिक असल्याने गोंगाट गळून पडत नाही. फायदा होतो तो अंतराचा. एसएम७बीवर लोक तोंड दोन इंचांवर आणून बोलतात, कंडेन्सरवर आठ इंचांवर. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने चढतो. आठचे चार, चाराचे दोन, म्हणजे १२ डेसिबल नुसत्या जवळ येण्याने मिळाले. कंडेन्सरलाही चार इंचांवर या, मध्ये पॉप फिल्टर (तोंडातून येणारा हवेचा झोत अडवणारी जाळी) ठेवा, तोंड किंचित तिरकं धरा. त्यातले ६ डेसिबल फुकट मिळतात.

जवळ येण्याची किंमतही असते. दोन इंचांवर मान जराशी हलली की खर्ज कमी-जास्त होतो. तीस सेकंदांच्या जाहिरातीत ते सांभाळता येतं. ऑडिओबुकच्या तीन तासांच्या बैठकीत, डोळे स्क्रीनवर असताना, मान जागेवर राहत नाही, आणि मग एका प्रकरणातला आवाज दुसऱ्याशी जुळत नाही. सहा ते आठ इंचांवरचा मोठ्या पडद्याचा कंडेन्सर ही हालचाल पोटात घालतो. दीर्घ वाचनासाठी मी एसएम७बी सुचवत नाही, ते याच कारणाने.

एसएम७बीचा दुसरा खर्च लपलेला असतो. तो फारच कमी विद्युत पातळी देतो (प्रति पास्कल उणे ५९ डेसिबल), त्यामुळे जवळपास ६० डेसिबल स्वच्छ गेन, म्हणजे पातळीची वाढ, लागतो. माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात, म्हणजे इंटरफेसमध्ये, हा गेन मिळतो. फोकसराइटच्या स्कार्लेट सोलो या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबलपर्यंतच मिळतो. बटण शेवटपर्यंत फिरवून काम करावं लागतं आणि मागून सूं असा आवाज वर येतो. त्याच मालिकेतल्या २आय२च्या चौथ्या पिढीत ६९ मिळतो, तिथे अडचण नाही. जुना इंटरफेस असेल तर क्लाउडलिफ्टरसारखा बूस्टर घ्या, किंवा २०२३ मध्ये आलेला एसएम७डीबी पाहा, ज्यात १८ किंवा २८ डेसिबलची वाढ आतच दिली आहे. हिशेब करताना माइकच्या भावात हे धरा.

तरीही एका परिस्थितीत हाच माइक योग्य: बूथ अर्धवट आहे, दार बसायचं आहे, आणि काम मात्र उद्यापासून आहे. त्यावर खर्ज कापायची आणि मधला भाग उचलायची बटणं आहेत, ती या मापाच्या जागेत खरोखर कामी येतात.

एटी२०२० आणि एनटी१

कागदावर या दोघांत मोठी दरी आहे. एटी२०२०चा स्वतःचा आवाज, म्हणजे शांततेतही माइकमधून येणारी सूं, २० डेसिबल. एनटी१च्या पाचव्या पिढीची ४. आकडे पाहून एनटी१ डोळे मिटून घ्यावासा वाटतो. पण तुमच्या बूथमध्येच दुपारी ३० डेसिबलचा गोंगाट असेल, तर त्यात माइकचे २० मिळूनही बेरीज ३०.४च होते, कारण डेसिबल साध्या आकड्यांसारखे मिळवता येत नाहीत. कुणाला ऐकू येणार? एनटी१ची शांतता बूथ २० डेसिबलच्या आसपास उतरल्यावर वसूल होते. तसा बूथ झाल्यावर मात्र ती फार मोलाची आहे, कारण ऑडिओबुकसाठी एसीएक्ससारख्या (ऑडिबलवर ऑडिओबुक पोचवणाऱ्या) ठिकाणी पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात, तोही वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये आणल्यावर. कुजबुजत वाचायचे प्रसंग असतील तर गेन चढतो आणि सूंही चढते.

एनटी१ माझ्या पसंतीचा आहे तो या शांततेपेक्षाही त्याच्या सपाट, मऊ वरच्या पट्टीमुळे. मराठी वाचणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यायलाच हवं. इंटरनेटवरच्या बहुतेक चाचण्या इंग्रजी वाचून केलेल्या असतात. त्यांत ‘चमचा’तला पहिला च नसतो, ‘जहाज’मधला ज नसतो. दातांवर घासून निघणाऱ्या या ध्वनींचा फटका वरच्या पट्टीत बसतो, आणि ज्या माइकची वरची बाजू उचललेली असते तो त्यांना टोचरं करतो. एटी२०२० थोडा टोचतो. टीएलएम १०३मध्ये तर ५ किलोहर्ट्झच्या वर सुमारे ४ डेसिबलची उचल आहे. भरीव, जाडसर आवाजाला ती उजळवते, पातळ आवाजाच्या ‘स-श’ला मात्र बोचरी करते.

दुकानात ऐकून बघायला दोन वाक्यं सोबत न्या. “चांगल्या चपला चोरीला गेल्या, सासूबाई शेजारी शोधत बसल्या.” हे कानाला टोचलं तर माइक तुमचा नाही. आणि “भाऊ, फाटकाबाहेर फुलांची पाटी ठेव.” यात भ, फ, प ओळीने येतात, किती अंतरावर धप्प असा आवाज बसायचा थांबतो ते बघा. ते अंतर आठ इंचांच्या पुढे जात असेल तर पॉप फिल्टर चांगला नाही किंवा तोंड थेट माइकवर आहे.

पाचव्या पिढीच्या एनटी१मध्ये एक्सएलआर (इंटरफेसला लावायची) आणि यूएसबी दोन्ही जोडण्या आहेत. इंटरफेस लगेच घ्यायचा नसेल तर थेट संगणकाला लावून सुरुवात करता येते. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे.

एमकेएच ४१६: जागा मोजून घ्या

प्रोमो आणि ट्रेलरचा तो धारदार, समोर येऊन उभा राहणारा आवाज अनेकदा याचाच असतो. खर्ज आटोपशीर असल्यामुळे छोट्या बूथचं घुमणंही तो एनटी१इतकं फुगवत नाही. पण तो २५ सेंटिमीटर लांब आहे. चार फुटांतून दोन्हीकडचे चार-चार इंच रॉकवूलला गेले की आत ४० इंच उरतात. तुमचं तोंड मध्यावर धरलं तर पुढे २० इंच. त्यात आठ इंच अंतर, दहा इंच माइक, मागे केबल वळायला तीनेक इंच: एकवीस झाले. आडवा बसत नाही. तो वरून, कपाळाच्या उंचीवरून तोंडाकडे झुकवून लावावा लागतो, आणि मग छतालाही जाड रॉकवूल हवं.

दुसरी गोष्ट, हा ‘शॉटगन’ प्रकारचा माइक आहे, आणि याची पुढची लांब नळी फक्त वरचे आवाज बाजूने कापते. खालच्या आवाजांना ती लागू पडत नाही, मागूनही ते थोडे येतातच. म्हणून कच्च्या बूथमध्ये ‘शॉटगन आहे, गोंगाट घेणार नाही’ या भरवशावर तो घेऊ नये. मान वळली की आवाजाचा रंग बदलतो. डबिंगमध्ये हातवारे करून बोलणाऱ्यांना, विशेषतः नाटकातून आलेल्यांना, जुळवून घ्यायला वेळ लागतो.

एक गुण मात्र याचा खास. त्याची रचना उच्च वारंवारतेवर चालते, त्यामुळे दमट हवेत तो कुरकुरत नाही. बाकीचे कंडेन्सर जुलै-सप्टेंबरात काम संपलं की सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे लागतात.

तर कोणता घ्यावा?

ऑडिओबुक आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर एनटी१. बूथवर अजून खर्च व्हायचा असेल आणि हातात पैसे मोजके असतील तर एटी२०२० घ्या, उरलेले पैसे रॉकवूलमध्ये आणि दारात घाला. त्या जोडीसमोर कच्च्या बूथमधला टीएलएम १०३ टिकत नाही. जाहिराती आणि प्रोमो नियमित मिळू लागले की ४१६. टीएलएम १०३ मी सगळ्यात शेवटी ठेवते. त्याचा स्वतःचा आवाज ७ डेसिबल इतका कमी आणि कान इतका तीक्ष्ण की शेजारच्या मिक्सरपासून खुर्चीच्या करकरीपर्यंत सगळं तो प्रामाणिकपणे नोंदवतो. बूथ पक्का झाल्यावर आणि क्लायंट नाव घेऊन तोच मागू लागल्यावर त्याचा विचार करा.

महागडा घेण्याआधी शूटिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे चौकशी करा. चित्रीकरणात ४१६ सर्रास वापरतात, त्यामुळे तो एका दिवसापुरता मिळू शकतो. स्वतःच्या बूथमध्ये, स्वतःच्या आवाजात, एकदा दुपारी आणि एकदा रात्री अकरानंतर तेच पान वाचा आणि हेडफोनवर शेजारी ठेवून ऐका. विकत घेताना अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल घ्या. या कंपन्यांच्या नकला बाजारात फिरतात, आणि बाहेरून परस्पर आलेल्या मालाला भारतातली वॉरंटी लागू होईलच असं नाही. सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहा.