डिप्रेशन, बॉर्डरलाइन की दोन्ही? आणि मग आधी गोळ्या की आधी थेरपी?

डिप्रेशनच्या गोळ्या कितीतरी महिने चालू आहेत, एकदा बदलूनही झाल्या, फरक थोडाच, आणि आता डॉक्टर म्हणतायत की बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा आजार) पण दिसतोय. अशा वेळी घरच्यांच्या डोक्यात एकच गोंधळ, आधीचं निदान चुकलं का, गोळ्या बंद करायच्या का, थेरपी सांगलीत मिळंल का पुणं गाठावं लागंल. माझ्या धाकट्या बहिणीला दोन्ही आहे म्हणून हे लिहितोय, निदान मात्र सायकिअ‍ॅट्रिस्टनीच करायचं.

आधी हे घ्या, की दोन्ही एकत्र असणं अगदी कॉमन आहे, बॉर्डरलाइन असलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन येतंच. म्हणजे नवीन नाव आलं म्हणून जुनं खोटं ठरत नाही.

फरक बघायचा तर उदासी किती टिकते आणि कशानं हलते ते बघा. डिप्रेशनमध्ये किमान 2 आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खाली असतं किंवा कशातच रस राहत नाही, झोप-भूक बिघडते, अंग जड होतं. आमच्या नात्यातल्या एका काकूंचं असंच होतं, गणपतीत घर भरलेलं, मुलाला नोकरी लागल्याचा फोन आला, त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि परत भिंतीकडं तोंड करून झोपल्या. चांगली बातमी आतपर्यंत पोचलीच नाही.

बहिणीचं वेगळं. मैत्रिणीनं मेसेज बघितला, निळ्या टिका आल्या आणि अर्धा तास उत्तर नाही, एवढ्यावर "मी कुणालाच नकोय" म्हणून रडणं, मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक करणं, मग स्वतःवरच भयंकर राग, आणि संध्याकाळी त्याच मैत्रिणीचा फोन आला की तासाभरात भडंग खात हसणं. बघणाऱ्याला वाटतं नाटकं करतीय. नाटक नसतंय हो ते, माणूस सोडून जाईल ही भीती त्या क्षणी तिला खरीच वाटत असते. बॉर्डरलाइनमधला असा मूड बहुतेकदा काही तासच राहतो, क्वचित काही दिवस, आणि त्याच्या मागं शक्यतो कुणीतरी माणूस असतो. सोबत आतून रिकामं वाटणं, नाती एकदम टोकाची, तावातावात काहीतरी करून बसणं, स्वतःला इजा करणं.

पण खोल डिप्रेशनमध्ये माणूस चिडका आणि पटकन दुखावणारा होतोच, त्यामुळं नुसतं आत्ताचं वागणं बघून बॉर्डरलाइनचा शिक्का मारू नये. डिप्रेशन नव्हतं तेव्हा ती व्यक्ती कशी होती, कॉलेजच्या वयापासून हे असंच आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मूड आठवडा-आठवडा चढून राहतो का, झोप न घेताही उत्साह असतो का हेही सांगा, कारण बायपोलर असेल तर औषधंच वेगळी.

आता गोळ्यांचं. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवतात. खास बॉर्डरलाइनसाठी मंजूर अशी गोळी नाही, तिथं मुख्य इलाज थेरपी. सगळ्यात जास्त अभ्यास झालेली त्यातली एक म्हणजे डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी), ती अमेरिकेतल्या मार्शा लाइनहान यांनी तयार केली आणि त्यांनी 2011 मध्ये जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतः अशाच त्रासातून गेल्या, हॉस्पिटलात होत्या. आठवड्याला एक सेशन, शिवाय ग्रुपमध्ये भावना सांभाळायची स्किल्स, साधारण वर्षभर.

दोन्ही असतील तर माझं मत स्पष्ट आहे, आधी डिप्रेशन जाऊ दे मग थेरपी बघू असं करत बसू नका. बॉर्डरलाइन सुधारलं की मागोमाग डिप्रेशनही उतरतं असं अभ्यासात दिसलंय, उलटं तेवढं होत नाही. मात्र जेवण सुटलंय, अंथरुणातून उठवत नाही, मरायचे विचार सतत आहेत, तर आधी डॉक्टर आणि गरज पडली तर अ‍ॅडमिट. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, त्यानं चक्कर, अस्वस्थता आणि परत डिप्रेशन येऊ शकतं. आणि तावातावात एकदम सगळ्या गोळ्या खाण्याचा धोका असेल तर थोड्याच दिवसांच्या लिहून मागा, पट्ट्या घरच्यांकडं ठेवा.

सांगली-मिरजेत सुरुवात सिव्हिल किंवा मिरजेच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत करता येते. पूर्ण डीबीटी आपल्याकडं मिळणं अवघड, म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन आहे का आणि डीबीटीची स्किल्स शिकवता का असं सरळ विचारा, नसेल तर पुण्या-मुंबईचे लोक ऑनलाइन घेतात, महिन्याचा खर्च आधीच विचारून घ्या. रात्री-अपरात्री बोलायची वेळ आली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, 24 तास चालतं, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर फोनवर न थांबता थेट कॅज्युअल्टी गाठा आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.