चार खिशातले कॅमेरे वापरून बघितले, त्याबद्दल थोडं

आधीच सांगतो, फोनचा कॅमेरा वाईट असतो म्हणून हे लिहीत नाहीये. नीट उजेड असेल आणि समोरचा माणूस दोन सेकंद हलणार नसेल तर आजकालचा कुठलाही बरा फोन पुरतो. पण झालं काय, एका अंधाऱ्या खोलीत सगळे नाचत होते, माझ्या फोनमध्ये लोकांचे हात म्हणजे नुसते धुराचे लोट, आणि तिथेच एका मित्राने पंधरा-एक वर्षांपूर्वीचं एक डबडं खिशातून काढलं, फाडकन फ्लॅश उडवला आणि फोटोत बघतो तर केस हवेत, हात हवेत, सगळं जागच्या जागी गोठलेलं. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायला लागला. मग पुढचं वर्षभर याच्याकडून माग, त्याच्याकडून माग, दोन वेळा भाड्याने आण, असं करत बरेच कॉम्पॅक्ट कॅमेरे वापरून बघितले.

तो जुना डबडा जिंकला कसा हे आधी कळलं पाहिजे, कारण तिथेच सगळी मेख आहे. कॅमेऱ्यातला फ्लॅश झेनॉन वायूचा असतो, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेळ पेटतो पण पेटतो तो जबरदस्त. फोनमधला म्हणजे एलईडी, खरं तर टॉर्चच, तो बिचारा मंद उजेड जास्त वेळ देत बसतो आणि तेवढ्यात माणूस हलून मोकळा. त्यामुळे माझा एक साधा नियम ठरला, की खिशातला कॅमेरा घ्यायचाच असेल तर फोन जे काम करतच नाही असं निदान एक काम त्याने केलं पाहिजे. असं काम म्हणजे खरा फ्लॅश, किंवा खरा झूम, किंवा तिसरं म्हणजे बटण. हो, बटणच! अर्धं दाबून फोकस धरायचा, वाट बघायची, आणि योग्य क्षणी उरलेलं अर्धं दाबायचं. फोनच्या काचेवर बोट आपटण्यात ती मजा नाही राव.

सेन्सरबद्दल, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपबद्दल, चार ओळी लिहितो, कंटाळा येत असेल तर पुढे जा. स्वस्तातल्या कॉम्पॅक्टमध्ये १/२.३ इंची सेन्सर असतो, म्हणजे साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, जेमतेम नखाच्या तुकड्याएवढा. महाग कॉम्पॅक्टमध्ये ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळ चौपट. आता हुशार माणूस विचारेल की यात एक इंच कुठाय, तर कुठेच नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांमध्ये काचेच्या नळ्या असायच्या, त्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, ते नाव तसंच चालत आलंय. आणि बऱ्याच चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर आता त्या १/२.३ पेक्षा मोठाच असतो, त्यामुळे "कॅमेरा आहे म्हणजे फोनपेक्षा भारीच असणार" हे डोक्यातून काढून टाका. मेगापिक्सलचं तर बोलायलाच नको, कॅननने २००८ च्या जी१० मध्ये १४.७ मेगापिक्सल दिले आणि पुढच्याच वर्षी जी११ मध्ये परत १० वर आणले, जास्त मेगापिक्सल म्हणजे चांगला फोटो नाही हे तेव्हाच कळायला हवं होतं सगळ्यांना.

पहिला घेतला सोनीचा आरएक्स१०० मार्क ७. २०१९ चा आहे, ३०२ ग्रॅम, एक इंची सेन्सर, आणि लेन्स २४ ते २०० एमएम (आकडा लहान तितकं दृश्य रुंद म्हणजे वाईड, मोठा तितकं लांबचं जवळ). एवढ्याशा डबीत २०० पर्यंत झूम, वर पॉप-अप व्ह्यूफाइंडर म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, पॉप-अप फ्लॅश, वरती उलटी होणारी स्क्रीन, माइकचं भोक, सगळं कोंबलंय, बनवणाऱ्यांचं कौतुक वाटतं. ऑटोफोकस तर असा की पळणारं पोर असो की कुत्रं, डोळ्यावर चौकोन चिकटला की चिकटला, सेकंदाला २० फोटो. नुसत्या मशीन म्हणून बघितलं तर सगळ्यात हुशार हाच. पण गंमत सांगू का, हातात धरायला गुळगुळीत साबणाची वडी, मी पहिल्याच दिवशी मनगटाला दोरी बांधली. आणि लेन्स वाईडला एफ २.८ पासून सुरू होते (एफ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं भोक, आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), तर आधीच्या मार्क ३, ४, ५ मध्ये ती २४ ते ७० एमएमच होती पण एफ १.८ ने सुरू व्हायची, म्हणजे वाईडला दुपटीहून जास्त प्रकाश, शिवाय त्यांच्यात एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, आत बसवलेला होता तो ६ आणि ७ मध्ये काढून टाकला. म्हणजे नवीन नंबर म्हणजे सुधारलेला असं धरून चालू नका, मार्क ६ पासून हा वेगळ्याच कामाचा कॅमेरा झालाय. घरात, संध्याकाळी, मंद दिव्यात जास्त फोटो काढणार असाल तर माझ्या मते २०१४ चा जुना मार्क ३ जास्त उपयोगाचा, आणि बाहेर फिरताना लांबचं काढायचं असेल तर ७. चार्जिंगला २०१९ मध्ये मायक्रो यूएसबी का दिलं ते त्यांनाच ठाऊक.

दुसरा कॅननचा जी७एक्स मार्क ३, तोही २०१९ चाच आणि वजनही जवळपास तेच, ३०४ ग्रॅम. सध्या सगळे याच्याच मागे आहेत. २४ ते १०० एमएम, एफ १.८ ते २.८, म्हणजे झूम पूर्ण लांबवला तरी एफ २.८ मिळतो, माणसांच्या फोटोंना हे फार कामाचं. स्क्रीन वर उलटी होते, माइक लावता येतो, यूट्यूबवर थेट लाइव्ह जाता येतं, एकूण स्वतःकडे तोंड करून बोलणाऱ्यांचा विचार करूनच बनवलाय. व्ह्यूफाइंडर नाही, कडक उन्हात स्क्रीन बघायला डोळ्यावर हात धरावा लागतो. ऑटोफोकस फक्त कॉन्ट्रास्ट पद्धतीचा, म्हणजे लेन्स थोडी पुढे थोडी मागे करून अंदाज घेणारी पद्धत, बसलेल्या माणसाला ठीक, चालत येणाऱ्या माणसाला सोनीची फेज डिटेक्ट, म्हणजे लेन्स कुठे न्यायची ते थेट ओळखणारी पद्धत, केव्हाही सरस. पण कातडीचे रंग! जेपीईजी सरळ कॅमेऱ्यातून काढून घरच्यांना पाठवायचे असतील तर मला कॅननचे चेहरे आवडतात, ही निव्वळ माझी आवड, यावर भांडायला येऊ नका.

या दोघांचे फ्लॅश छोटे आहेत पण एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. आत लीफ शटर, म्हणजे लेन्समध्येच उघडझाप करणारं शटर, असतं, त्यामुळे फ्लॅश वेगवान शटरलाही जुळतो आणि भर उन्हात चेहऱ्यावरची काळी सावली भरून काढता येते, मोठ्या कॅमेऱ्यात हेच करायला वेगळा फ्लॅश आणि वेगळा मोड लागतो. ज्यांचा पॉप-अप फ्लॅश स्प्रिंगवर असतो तो बोटाने हळूच मागे दाबून धरला की उजेड छताला आपटून खाली येतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा होत नाही. ही युक्ती मला कोणी सांगितली नव्हती, चुकून बोट लागलं आणि कळलं.

आता तिसरा, आणि याच्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. रिको जीआर ३. कागदावर वाचलात तर हसाल, झूम नाही, फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन हलत नाही, व्हिडिओ फुल एचडीच्या वर नाही, आणि बॅटरी एका चार्जमध्ये अधिकृतपणे २०० फोटो. बाकीचे दोघेही काही शेर नाहीत म्हणा, सोनी २६० आणि कॅनन २३५. माझ्याच नियमात हा पहिल्या दोन्ही परीक्षांत नापास. पण २५७ ग्रॅमच्या त्या काळ्या ठोकळ्यात एपीएस-सी सेन्सर आहे, मोठ्या डीएसएलआर मध्ये असतो तो, एक इंचीच्या तिप्पट क्षेत्रफळाचा, आणि पुढे २८ एमएमच्या नजरेची एफ २.८ लेन्स जी बंद केल्यावर पूर्ण आत जाते. पँटच्या पुढच्या खिशात, खरंच पुढच्या खिशात, मावतो. आणि एका हाताने चालतो, दुसऱ्या हातात पिशवी असली तरी काही अडत नाही.

खरी जादू मात्र स्नॅप फोकसची. फोकस आधीच एका अंतरावर ठरवून ठेवायचा, मी २ मीटर ठेवतो, अ‍ॅपर्चर एफ ८, मग साधारण १ मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्टच येतं. ऑटोफोकसची वाट नाही, चौकोन नाही, बटण एका दमात पूर्ण दाबलं की त्याच क्षणी फोटो. पहिले दोन आठवडे मला काही जमलं नाही, सगळे फोटो लांबून काढल्यासारखे, मधे माणूस टिचभर आणि भोवती नुसता रस्ता. मग कळलं की २८ एमएमला पाय चालवावे लागतात, दोन पावलं पुढे, अजून एक पाऊल पुढे, लाज वाटेल इतकं जवळ. त्यानंतर जे फोटो यायला लागले ते बाकीच्या कुठल्याच कॅमेऱ्याने मला दिले नाहीत, कारण बाकीच्यांत मी जागेवर उभा राहून झूम फिरवायचो. जवळचं हवं तर आतच क्रॉप करायची सोय आहे, २४ मेगापिक्सलचे ३५ एमएमला १५ आणि ५० ला ७ उरतात, वेळ निभावते. २८ फारच रुंद वाटत असेल तर ४० एमएमवाला जीआर थ्री-एक्स आहे २०२१ चा, आणि २०२५ मध्ये जीआर ४ पण आलाय. वेदर सीलिंग, म्हणजे धूळ-पाणी अडवणारं सील, नाही हे मात्र ध्यानात ठेवा, लेन्स आतबाहेर करते म्हणजे हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ, खिसा साफ ठेवा किंवा छोटी पिशवी शिवून घ्या.

मधेच कोणीतरी विचारणारच, फुजीचा एक्स१००व्हीआय का नाही? अप्रतिम आहे, पण ५२१ ग्रॅम. तो गळ्यात राहतो.

चौथा, छोट्या सेन्सरचा मोठ्या झूमवाला, कॅनन एसएक्स७४०. २४ ते ९६० एमएम, चाळीस पट! चंद्राचा फोटो काढला तर फ्रेमच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा चंद्र येतो, खिशातल्या डबीतून, पोरं वेडी होतात. पण पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर एफ ६.९, इतक्या बारीक सेन्सरवर इतकं बारीक भोक म्हटल्यावर प्रकाश पसरतो आणि तपशील मऊ पडतो, हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाही, भौतिकशास्त्रच तसं आहे. दिवसा उन्हात पक्षी ओळखायला झकास. संध्याकाळ झाली की बॅगेत ठेवा. पाण्यात, चिखलात, मुलांच्या हातात द्यायचा असेल तर ऑलिम्पसचा टीजी-६ किंवा आताचा ओएम सिस्टिमचा टीजी-७, पंधरा मीटर पाण्याखाली चालतो, झूम सगळा आतल्या आत, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवरची मुंगी काढता येते. सेन्सर बारीकच आहे, पण फोन जे करत नाही ते हा करतो, म्हणून माझ्या नियमात पास.

आणि आता त्या जुन्या डबड्यांबद्दल, कारण सगळी सुरुवात तिथूनच झाली. २०१० साली जपानी कंपन्यांनी १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट पाठवले होते, २०२३ मध्ये २० लाख सुद्धा नाहीत. साहजिकच नवीन मॉडेल कमी येतात आणि लोक जुने शोधत फिरतात. त्या जुन्यांत असणाऱ्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या रंगांची फार स्तुती चालते, मला ती निम्मी आठवणींची आणि निम्मी फ्लॅशची वाटते. समोर दिवा आला की सीसीडीच्या स्क्रीनवर उभी पांढरी-जांभळी रेघ उमटते, तिचं कौतुक कोणी करत नाही. कार्डाची पण बोंब आहे, काहींना एक्सडी कार्ड, काहींना मेमरी स्टिक, आणि एसडीएचसी म्हणजे जास्त क्षमतेची एसडी कार्डं यायच्या आधीचे जे आहेत ते २ जीबीच्या वरचं एसडी ओळखतच नाहीत. पण नुसता फ्लॅशचा तो गोठलेला नाच हवा असेल तर घरातलाच एखादा जुना कॅमेरा शोधून बॅटरी चार्ज करून बघा, हजारो खर्च करायच्या आधी.

जुना घेताना माझं एकदा चांगलंच हसं झालंय. कंपनी नाही सांगत, पण एक चकाचक दिसणारा कॅमेरा घेतला, दुकानात चालू केला, एक फोटो काढला, खूश. घरी आल्यावर तिसऱ्यांदा झूम केला तर करकर आवाज, लेन्स अर्धवट बाहेर आणि स्क्रीनवर लेन्स एरर. आधीच्या मालकाने वाळूत नेला असणार, एक कण गेला की संपलं. तेव्हापासून दुकानात उभा राहून झूम दहा वेळा पूर्ण आतबाहेर करतो, कान लावून, दुकानदार वैतागला तरी चालेल. मग अ‍ॅपर्चर होईल तितकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो, काळे ठिपके दिसले म्हणजे सेन्सरवर धूळ, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही त्यामुळे ती साफ करायला आख्खा कॅमेरा उघडावा लागतो. फ्लॅश चार-पाच वेळा उडवून बघायचा, बॅटरी सपाट टेबलावर ठेवून डुगडुगते का बघायची, डुगडुगली तर फुगलेली आहे.

सध्या खिशात जीआर ३ असतो. आणि कुठे रात्री नाचगाणं असेल तर दुसऱ्या खिशात मित्राचा तो डबडा, परत मागतोय तो कधीचा, बघू.