फाईलवर ‘भित्रा’ लिहिलेलं कुत्रं: एका निवाऱ्याच्या दत्तक सेवेबद्दल

निवाऱ्याचं नाव इथे देत नाही. यातले बरेचसे दोष एकट्या त्याचे नाहीत, आणि जे चांगलं आहे ते इतर कुठे मिळालं तरी आनंदच आहे. हायवेला धडक बसलेली, कोणी साखळीला बांधून सोडून गेलेली, मार खाल्लेली, उपाशी राहिलेली कुत्री तिथे येतात आणि धडधाकट झाल्यावर दत्तक दिली जातात. खेड्यातल्या घराला ही सेवा कितपत पुरते, तेवढंच इथे पाहायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर कागदांना पैकीच्या पैकी, आणि कुत्र्याच्या स्वभावाच्या माहितीला जेमतेम काठावर पास.

कुत्र्याचे पैसे घेत नाहीत. नसबंदी आणि लसींच्या खर्चापोटी देणगीची पावती फाडतात, तीही ऐपतीप्रमाणे. आधारची झेरॉक्स, घरमालकाची संमती, एक अर्ज, बस्स. लसीचं कार्ड मात्र जागेवरच उघडून बघा. रेबीजच्या नोंदीपुढे कुपीवरचं लेबल चिकटवलेलं हवं (त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते) आणि शेजारी डॉक्टरांची सही. नुसती पेनाने तारीख टाकलेली असेल तर लस झालीच नाही असं धरून पुन्हा टोचून घ्या. एक लस जास्त झाली म्हणून बिघडत नाही. या निवाऱ्याच्या कार्डावर लेबल असतं, आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला कापही दिलेला असतो.

त्यांच्याकडे होत नाही ती रक्ताची तपासणी. जिथे कुत्री दाटीने राहतात तिथे गोचीड आलाच, आणि गोचीड आला की गोचीडताप. एर्लिकिया नावाचा जंतू वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यात महिनोन्महिने दबा धरून बसतो. मग एके दिवशी कुत्रं खाणं सोडतं, अंग तापतं, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. घरचे म्हणतात, नवीन जागा आहे म्हणून रुसलंय. म्हणून पहिल्या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट बघून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सकाळी लवकर गेलात तर डॉक्टर भेटण्याची शक्यता जास्त, नंतर ते ढोरांच्या मागे गावोगाव फिरतात. अडलंच तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था, दोन्हीकडे कुत्री तपासतात. ताप निघालाच तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स साधारण 28 दिवसांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रं भाकर मागायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, तिथेच आजार उलटतो. गोळी उपाशीपोटी देऊ नका, ओकून टाकतं.

आता स्वभाव. फाईलवर एक रकाना आहे, त्यात ‘भित्रा’ किंवा ‘भित्रा, प्रेमळ’ असं लिहिलेलं असतं. याने काय कळणार? काठीला भितो, पुरुषांना भितो, ट्रॅक्टरला की दोरीला? या चारही भीतींचे उपाय वेगळे आहेत. घरात रोज गाईची दावण हाताळणारा माणूस असेल आणि कुत्र्याला दोरीने मारलेलं असेल, तर ‘भित्रा’ या शब्दाच्या पोटात एक चावा दडलेला आहे.

म्हणून ऑफिसात बसून विचारू नका. रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला विचारा. त्याला सगळं माहीत असतं, पण फाईल भरताना त्याला कोणी बोलावत नाही. आपल्यासमोर खातं का, की आपण वळल्यावर? भांड्याजवळ गेलं तर अंग ताठ होतं का? कधी कोणाला चावलंय का, नुसते दात लागले की कातडी फाटली? रविवारी गर्दी असते, मधल्या वारी जा आणि सकाळच्या झाडणीच्या वेळी पिंजऱ्यापासून दहा पावलांवर अर्धा तास बसून राहा. झाडू आला की कुत्रं मागच्या भिंतीला चिकटतं का, आणि झाडू गेल्यावर किती वेळाने सुटं होतं, ते बघा. दोन-तीन मिनिटांत उठून पाणी प्यायला गेलं तर काम सोपं आहे. अर्धा तास तसंच थिजून राहिलं तर सहा महिन्यांची तयारी ठेवा. नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, ही सगळी ‘जवळ येऊ नका’ची भाषा आहे. स्वतः काठी दाखवून परीक्षा घेऊ नका, पहिल्याच भेटीत कुत्रं आपल्याला त्याच यादीत टाकतं.

एका प्रश्नाचं उत्तर निवाऱ्याकडेही नसतं: कोंबड्या आणि शेळीची पिल्लं. तिथे कोंबड्याच नाहीत, तर त्यांना कळणार कसं. उपासमार काढलेलं कुत्रं कोंबडी धरणार असं गृहीत धरा, पहिले दोन महिने मध्ये जाळी हवीच.

घराची पाहणी व्हिडिओ कॉलवर करतात, आणि ती फसवी आहे. कॉलवर ओटा दिसतो, फाटक दिसतं. मागची सांदवाडी दिसत नाही. कुत्रं पळतं ते तिथूनच. तुराट्यांच्या कुडाला खालून बोट घालून बघा, जिथून डोकं जातं तिथून अख्खं कुत्रं जातं. पाच फुटांची भिंत ठीक, पण तिला टेकून पऱ्हाट्यांचा ढीग रचला असेल तर तो जिना झाला. ढीग भिंतीपासून सहा फूट लांब हलवा, कुत्रं आणायच्या आधी.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र पट्ट्याबद्दल. निवारा निघताना गळ्यात एक साधा बकलचा पट्टा आणि प्लास्टिकच्या धाग्याची दोरी देतो. देशी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मानेपेक्षा फारसं रुंद नाही. घाबरून मागे रेटा दिला की पट्टा कानांवरून निघून येतो. बाजारातला छातीचा हार्नेसही पुरत नाही, कारण देशी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. ते मागे सरकतं, कोपरं आत ओढतं आणि पुढचे पाय काढून मोकळं होतं. यावर तिसरा पट्टा हा इलाज आहे, बरगड्या संपतात तिथे कंबरेभोवती जाणारा. असा तयार हार्नेस ऑनलाइन मिळतो. तालुक्याला मिळत नाही, पण बॅगा दुरुस्त करणारा करून देतो. एक इंच रुंदीची नायलॉनची पट्टी, दोन लोखंडी बकल, पाठीवर कडी. पाठीवरून एक जोडपट्टी मागे न्यायची आणि तिला कंबरपट्टा शिवायचा. टाका चौकोनी, आत फुली मारलेला, आणि दोरा नायलॉनचाच. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो. प्लास्टिकचं क्लिप नको, उन्हात ठिसूळ होतं. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन जात असतील तर सैल आहे.

दोरीच्या हुकाची परीक्षा घरीच होते. पंधरा लिटरची बादली काठोकाठ भरा, हुक कडीला लावा आणि झटक्याने उचला. असं पाच वेळा. जस्ताचा चमकवलेला कच्चा हुक असेल तर इथेच जीभ वाकडी करतो. आणि पहिले तीन महिने दोन दोऱ्या लावा, एक हार्नेसला आणि एक गळपट्ट्याला, गळ्याची नेहमी सैल. एक सुटली तर दुसरी हातात राहते.

नेण्याच्या दिवशी निवाऱ्याचे लोक घाई करतात, तुम्ही करू नका. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, छोटा हत्ती किंवा बोलेरो सांगा. पिंजरा असा हवा की कुत्र्याला उभं राहता येईल आणि वळता येईल, वर गोणपाट टाका. निघण्याआधी चार तास खायला नको. शांत करणारं इंजेक्शन मागू नका. अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते, आणि अर्धवट गुंगीतलं कुत्रं जास्त चावतं. एप्रिल-मे असेल तर उजाडायच्या आत घरी पोचा. आपल्याकडे विदर्भात पारा 45 च्या वर जातो आणि बंद गाडीत कुत्रं अर्ध्या तासात दगावू शकतं. पोळा, गणपती, दिवाळी आणि शेजारच्या लग्नाचा आठवडा टाळा. घरी आल्यावर आधी फाटक बंद, मग खोलीचं दार बंद, मगच पिंजरा उघडायचा.

पहिले काही दिवस ओसरीत बांधू नका. ओसरी म्हणजे घराचा चौक, जो तो वाकून ‘चावते का हो?’ विचारणार. मागची कमी वर्दळीची खोली द्या. कोठ्याचा कोपराही चालतो, पण वर टिन असेल तर उन्हाळ्यात नको. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या जंगलालगतच्या गावांना सांगायला नको, रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. रात्री आत.

खाण्याबाबत निवाऱ्याचा कागद एका ओळीचा आहे: ‘घरचं जेवण’. तो अपुरा आहे. पहिला आठवडा निवाऱ्यातलंच खाणं सुरू ठेवा, मग रोज थोडं थोडं बदला, नाहीतर हगवण ठरलेली. साधारण 15 किलोच्या कुत्र्याला दिवसभरात शिजलेला भात 300 ग्रॅम, बिनहाडाचं शिजलेलं चिकन 200 ग्रॅम आणि एक उकडलेलं अंडं, दोन वेळांत वाटून. हाडकुळं झालेलं असेल तर तेवढंच, पण चार वेळांत वाटून थोडं थोडं. एकदम पोटभर घातलं तर आजारी पडतं. नुसती ज्वारीची भाकर आणि ताक यावर कुत्रं जगतं, भरत नाही. हा आहार कायमचा करायचा तर कॅल्शियम किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. कांदा नको, शिजलेली हाडं नकोत. पाणी दिवसाला लिटरभर तरी, उन्हाळ्यात दुप्पट भरून ठेवा, आणि भांडं मातीचं किंवा जड हवं. हलकं भांडं ओढलं की वाजतं आणि पाण्याचीच भीती बसते.

गुरगुरलं म्हणून मारू नका, ओरडूही नका. गुरगुर ही सूचना आहे. ती मारून बंद केली की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जा. कुत्र्याला लस झालेली आहे म्हणून थांबू नका, कार्ड सोबत न्या आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा.

पळालंच तर हाका मारत मागे धावू नका. घाबरलेलं कुत्रं नावाला येत नाही, धावणाऱ्या माणसापासून लांब जातं. त्याचं गोणपाट आणि खाणं फाटकाशी ठेवा, फाटक उघडं, घर शांत. बहुतेकदा पहाटे शोधत येतं. त्याच दिवशी आसपासच्या वावरवाल्यांना कळवा. डुकरांसाठी तारेत करंट सोडतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणी सुरू असते. ओल्या पानांतून फिरलेलं कुत्रं नंतर पाय चाटतं. लाळ गळणं, थरथर, डोळ्याच्या बाहुल्या बारीक, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना, आणि फवारणीच्या औषधाचा डबा सोबत.

निवाऱ्याची सगळ्यात चांगली गोष्ट अर्जाच्या शेवटच्या ओळीत आहे: जमलं नाही तर कधीही परत आणा, कारण विचारणार नाही. हे ते पाळतात. कुत्रं रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि सोडून देणं त्याच कायद्याखाली गुन्हाही आहे. कमी पडतो तो पाठपुरावा. सातव्या दिवशी एक फोन येतो, ‘जेवतंय का?’ आणि संपलं. सातव्या दिवशी कुत्रं दबलेलंच असतं, त्यामुळे उत्तर नेहमी ‘एकदम शांत आहे’ असं येतं. खरी गंमत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते. घर आपलं वाटायला लागलं की ते फाटक राखतं, दूधवाल्यावर धावतं, भांड्यावर गुरगुरतं. तो फोन तेव्हा यायला हवा. येत नाही, म्हणून तुम्हीच करा. ऑफिसचा नंबर रविवारी लागत नाही, आणि लागला तरी फाईल वाचून दाखवतात. खाऊ घालणाऱ्या माणसाचा नंबर निघतानाच लिहून घ्या, आणि पिंजऱ्यातलं कुत्र्याखालचं फडकं न धुता सोबत मागा. देतात.