पूर येण्याआधीची बोट : सांगलीतील एका इंजिन कार्यशाळेच्या देखभालसेवेविषयी

पलूस तालुक्यातील आमच्या कृष्णाकाठच्या गावात पूरकाळासाठी ठेवलेली फायबरची एक बोट असून तिच्या मागच्या फळीवर २५ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन बसवलेले आहे. यंदा मे महिन्यात या बोटीची संपूर्ण देखभाल सांगलीतील माधवनगर रस्त्यावरच्या एका कार्यशाळेकडून करून घेण्यात आली. मुंबईच्या नौदल गोदीत माझी ३४ वर्षे नोकरी झाली आणि त्यातील बहुतेक काळ जहाजांच्या तळाची कामे करण्यात गेला, म्हणून ग्रामपंचायतीने या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपवली. कृष्णा-वारणेच्या काठावरील इतर गावांनाही हाच प्रश्न दरवर्षी पडतो, त्यामुळे आलेला अनुभव सविस्तर लिहीत आहे. मालकांची परवानगी घेतलेली नसल्याने कार्यशाळेचे नाव देत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला बोट उलटून आमच्या तालुक्यातील माणसे बुडाली. त्यानंतर अनेक गावांना बोटी मिळाल्या. बोट मिळाली की आपण निश्चिंत होतो. पण आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेले यंत्र नवव्या महिन्यात, मध्यरात्री, वाहत्या पाण्यात, दोरी पहिल्यांदा ओढताच सुरू झाले पाहिजे, ही अपेक्षा फार मोठी आहे. ती पुरी करायची तर बोट चांगली दिसत असतानाच ती उघडून पाहावी लागते. कार्यशाळेतील तरुण मिस्त्रींनी पहिल्याच भेटीत मला विचारले, “काका, चालू मशीन कशाला खोलायचं?” या परीक्षणाचा विषय तोच प्रश्न आहे.

नौदल गोदीत हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण युद्धनौका बिघडण्याची वाट पाहिली जात नाही. ठरलेल्या मुदतीनंतर तिला रिफिटसाठी, म्हणजे गोदीतील सर्वांगीण तपासणी-दुरुस्तीसाठी, घेतात. छोटा रिफिट, नॉर्मल रिफिट आणि मध्यम रिफिट असे त्याचे प्रकार आहेत. जहाज कोरड्या गोदीत आणायच्या आधी त्याच्या तळाच्या आराखड्याप्रमाणे जमिनीवर ठोकळे मांडले जातात, जहाज नेमके त्यांच्यावर उभे राहील अशा बेताने दोर लावून ते आत घेतात, दरवाजा बंद होतो आणि पंप सुरू होतात. मुंबईत २८ सप्टेंबर २०१९ रोजी कार्यान्वित झालेली विमानवाहू जहाजांसाठीची कोरडी गोदी २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद आणि १७ मीटर खोल आहे. साधा गुणाकार केला तरी काठोकाठ भरलेल्या या गोदीत दोन लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावते, हे लक्षात येते. ते उपसल्यावर जहाजाचा तळ उघडा पडतो आणि खरे काम सुरू होते. शंख-शिंपले वाळून घट्ट बसण्याच्या आत जोरदार गोड्या पाण्याने तळ धुणे, पत्र्याची जाडी जागोजाग ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजणे, समुद्राचे पाणी आत घेणारी प्रत्येक झडप उघडून तिची बैठक तपासणे, झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलणे आणि मगच रंगाचे थर चढवणे, असा क्रम असतो. जहाज चालवणाऱ्या गॅस टर्बाइनच्या आत बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीची दुर्बीण, घालून पात्यांवरील बारीक चिराही पाहिल्या जातात आणि गरज पडल्यास संपूर्ण टर्बाइन हवा आत घेणाऱ्या मार्गाने उचलून बाहेर काढून दुसरे बसवतात. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. सागवान कितीही उत्तम असले तरी वेळोवेळी हात फिरला नसता तर दोनशे वर्षे ते टिकले नसते.

आठ माणसांच्या बोटीला हे सगळे लागत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु क्रम तोच लागतो आणि कार्यशाळेचे मूल्यमापन मी त्याच क्रमाने केले.

सुरुवातीलाच एक त्रुटी दिसली. बोट ट्रॉलीवरून उतरवून तीन जुन्या टायरांवर ठेवली होती आणि तिचा बराचसा भार एका कडेवर येत होता. आधार चुकीच्या जागी असला की फायबरचा तळ आत दबतो आणि ती दाब पडलेली जागा पुढे तडकते. मोठ्या जहाजाच्या बाबतीत तर आधार आणि तोल हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ ही युद्धनौका मुंबईच्या कोरड्या गोदीतून बाहेर काढताना कलली आणि दोन नौसैनिकांचे प्राण गेले. मी सांगितल्यावर मिस्त्रींनी कोणतीही कुरकुर न करता लाकडी ओंडके आणले, त्यांवर पोती गुंडाळली आणि बोट कण्याच्या रेषेत बसवून घेतली.

तळाची तपासणी मात्र त्यांनी ज्या पद्धतीने केली, ती पाहून समाधान वाटले. खिशातील एक रुपयाचे नाणे काढून ते वीत-वीत अंतरावर तळ वाजवत गेले. भरीव जागी टणक, स्वच्छ आवाज येत होता आणि मागच्या फळीजवळ, इंजिनाच्या बोल्टांच्या खाली, तोच आवाज एकदम बसका झाला. फायबरच्या दोन थरांमध्ये तेथे प्लायवूड असते आणि बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपून ते कुजू लागले होते. वरून रंग शाबूत होता, त्यामुळे हे कोणाच्याही नजरेत भरले नसते. त्यांनी तेवढा भाग कापून काढला, उघडे लाकूड चार दिवस पूर्ण वाळू दिले, नवे प्लायवूड राळेत बसवून वरून फायबरची जाळी चढवली आणि बोल्ट पुन्हा घालताना प्रत्येक भोकात सीलंट भरले. चार दिवस थांबण्याची तयारी हेच मला या कामातील सर्वांत मोठे कसब वाटले, कारण ओल्या लाकडावर राळ ओतून दुसऱ्या दिवशी बोट देणारे कारागीर मी पाहिले आहेत आणि त्यांचे काम एका पावसाळ्यातच सुटते.

इंजिनाच्या खालच्या भागाचे कामही तितक्याच बारकाईने झाले. गिअर ऑईलचा खालचा स्क्रू काढून त्यांनी तेल स्वतःच्या तळहातावर घेतले आणि हात माझ्यापुढे धरला. तेलाचा रंग दूध घातलेल्या चहासारखा झाला होता, म्हणजे आत पाणी शिरले होते. नुसते तेल बदलून हा प्रश्न सुटत नाही. पाणी कोठून आले ते शोधावे लागते. बोटीला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा उतरवल्यावर कारण सापडले. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे दांड्याला गच्च गुंडाळला गेला होता, फिरून फिरून उष्णतेने तो वितळून कड्यासारखा कडक झाला होता आणि त्याने रबरी सील कापले होते. मिस्त्रींनी तो धागा सुरीच्या टोकाने तुकड्या-तुकड्याने काढला, दोन्ही सील बदलली आणि तेल भरण्यापूर्वी आत हवेचा दाब देऊन, तो भाग पाण्यात बुडवून, बुडबुडे येत नाहीत याची खात्री करून घेतली. पंख्याच्या एका पात्याची मुडपलेली कडही त्यांनी कानशीने घासून इतर पात्यांशी जुळवली. युद्धनौकेच्या पंख्यावरील अशा छोट्या दुखापतीने पाण्यात आवाज वाढतो आणि तो शत्रूच्या पाणबुडीला ऐकू जाऊ शकतो, म्हणून तेथे पात्याच्या कडेवर हाताचे बोट फिरवून पाहण्याची सवय लागते. आमच्या बोटीला शत्रू नाही, परंतु असमतोल पंख्याची थरथर शेवटी त्याच सीलवर येते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी चक्रही त्यांनी आपणहून बदलले. आठ महिने कोरडे राहिल्याने त्याच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून तशाच कडक झाल्या होत्या.

एका बाबतीत मात्र त्यांच्याशी माझा मतभेद झाला. झिजलेल्या ॲनोडच्या जागी त्यांनी जस्ताचा नवा ठोकळा बसवला, कारण बाजारात तोच सहज मिळतो. या ठोकळ्याचे काम इंजिनाच्या ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणे हे आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्त ते काम चोख बजावते. गोड्या पाण्यात मात्र त्याच्यावर कठीण थर जमतो आणि ते निष्क्रिय होते. नदीसाठी मॅग्नेशियमचा ठोकळा हवा. आमची बोट जून ते सप्टेंबर घाटाला बांधलेली असते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे. मिस्त्रींनी म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, मुंबईहून योग्य ठोकळा मागवला आणि जस्ताच्या ठोकळ्याचे पैसे बिलातून वजा केले. त्यांच्याकडे कृष्णेतल्याच बोटी येत असतील, तर ही माहिती त्यांच्याकडे आधीपासून असायला हवी होती, असे मला वाटते.

पेट्रोलविषयी त्यांनी दिलेला सल्ला प्रत्येक गावाने पाळण्यासारखा आहे. आताच्या पेट्रोलमध्ये आपल्याच उसाचे इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढत गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन तळाशी बसते आणि नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. आमच्या टाकीतील इंधन त्यांनी काचेच्या बरणीत ओतून दाखवले तेव्हा खालचा थर डोळ्यांना स्वच्छ वेगळा दिसत होता. सप्टेंबरअखेर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवावेत आणि जूनमध्ये ताजे पेट्रोल घ्यावे, असे त्यांनी सुचवले.

माझी मुख्य तक्रार चाचणीबद्दल आहे. सर्व काम झाल्यावर इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटे चालवण्यात आले, इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची पिचकारी व्यवस्थित पडली आणि बोट घेऊन जा असे सांगण्यात आले. गोदीत जहाज आधी धक्क्याला बांधून चालवतात आणि त्यानंतर समुद्रात नेऊन पूर्ण शक्तीवर चालवतात. दुसरी चाचणी झाल्याशिवाय कोणीही सही करीत नाही. मी नदीत, भार घालून चाचणी घेण्याचा आग्रह धरला. ही बाब त्यांच्या सेवेत नव्हती, त्यामुळे जाण्यायेण्याचे वेगळे ८०० रुपये ठरले. आमच्या घाटावर आठ माणसांच्या वजनाइतकी, म्हणजे पन्नास किलोची वाळूची अकरा पोती बोटीत भरली, लाइफ जॅकेट घातली आणि प्रवाहाच्या विरुद्ध पूर्ण वेगाने निघालो. सातव्या मिनिटाला इंजिन गुरगुरले आणि बंद पडले. मिस्त्रींनी ताबडतोब इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा हातात घेतला. तो चपटा होऊन बसला होता. नळीचे आतले अस्तर सुटून मार्ग अडवत होते. पिंपातील हलक्या चालण्याला पुरेल इतके इंधन येत होते, पूर्ण वेगाला मात्र ते कमी पडत होते. त्यांच्या पिशवीत नवी नळी होती. काठावरच ती बदलून आम्ही पुन्हा निघालो आणि इंजिन ४० मिनिटे अखंड चालले. काठाला लागल्यावर त्यांनी मला सांगितले, “काका, हितून पुढं प्रत्येक बोट नदीत चालवूनच देणार.” त्या वाक्यामुळे माझी निम्मी तक्रार दूर झाली.

उरलेली तक्रार लेखी नोंदीची आहे. इतके मन लावून केलेल्या कामाच्या बिलावर केवळ ‘सर्व्हिसिंग व फायबर काम’ एवढेच लिहिले होते. कोणते सील बदलले, तेल किती भरले, दाबाची चाचणी कधी झाली, यातले काहीही कागदावर नव्हते. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीत माणसे बदलली आणि मिस्त्रीही दुसरीकडे गेले, तर हे सर्व ज्ञान नाहीसे होईल. शेवटी मीच शंभर पानी वही घेतली, प्रत्येक काम तारखेनिशी लिहिले आणि त्यावर मिस्त्रींची व सरपंचांची सही घेतली.

एकूण खर्च १४,६५० रुपये आला आणि कामाचे स्वरूप पाहता तो मला वाजवी वाटतो. सहा दिवसांची मुदत सांगितली होती, पंधरा दिवस लागले. पंपाचे रबरी चक्र मुंबईहून येईपर्यंत काम थांबले होते. म्हणून ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी एप्रिलमध्येच बोट न्यावी आणि बिल देण्यापूर्वी नदीतील चाचणी व लेखी नोंद या दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. हाताच्या कामाबद्दल मी ही कार्यशाळा निःशंकपणे सुचवीन. आम्ही आता पंपाचे चक्र, सील, इंधनाची नळी, स्पार्क प्लग आणि पंख्याची पिन असा एक संच डब्यात भरून बोटीतच ठेवला आहे, वही त्याच डब्यात आहे, आणि दर रविवारी सकाळी गावातील दोन मुले इंजिन सुरू करून पाण्याची पिचकारी पाहून वहीत सही करतात.