शुक्रवारचा ठिपका: आयईआरएसच्या ‘बुलेटिन ए’चा तीन वर्षांचा अनुभव

जलसंपदा खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी कोयनेवर. पावसाळ्यात सकाळी कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, ‘किती टीएमसी झालं?’ निवृत्त झालो तरी रोज आकडा बघायची खोड काही जाईना. आता दर शुक्रवारी चहा घेता घेता बघतो, उत्तर ध्रुव कुठे सरकला. उत्तर फुकट मिळतं, नावनोंदणीही लागत नाही.

आयईआरएस ही पृथ्वीच्या परिवलनावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय सेवा १९८८ पासून चालू आहे. तिचं ‘बुलेटिन ए’ अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतून दर गुरुवारी निघतं. चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसते आकड्यांचे रकाने. आमच्या गेजिंग रजिस्टरची, म्हणजे पाण्याची पातळी नोंदवायच्या वहीची, आठवण यावी असं रूप, म्हणून मला पहिल्या दिवसापासून आवडलं. रोजच्या तारखेपुढे ध्रुवाची जागा एक्स आणि वाय अशा दोन आकड्यांत असते. एकक विकला, म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. एक विकला म्हणजे ध्रुवावर जवळपास ३१ मीटर, आणि हे आकडे विकलेच्या हजाराव्या भागाच्याही पुढे दिलेले असतात. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांवर रोखलेल्या रेडिओ दुर्बिणी, जीपीएस आणि लेसरनं मोजलेले उपग्रह यांच्या जोरावर ही अचूकता येते.

कुणी घाबरू नये, २३.५ अंशांचा कल आहे तिथेच आहे. ऋतूंना यानं धक्का लागत नाही. आर किंचित तिरकी बसली की भोवरा डुगडुगतो, तशी पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती थोडी डुगडुगते, आणि आस जिथे जमिनीतून बाहेर पडतो ती जागा फिरत राहते.

मी मिलिमीटर ग्राफपेपर घेतला, १ मिलिमीटरला १० मिलिविकला हे प्रमाण धरलं आणि ठिपके द्यायला बसलो. वर्षभरात छान वेटोळं उमटलं. नात नववीत आहे. तिनं बघितलं आणि म्हणाली, ‘आबा, तुमचा ध्रुव उलटा फिरतोय.’ खरंच की! वाय अक्ष ९० अंश पश्चिम रेखांशाच्या दिशेनं धन मोजतात आणि मी तो शाळेतल्यासारखा वर काढला होता. त्यामुळे घड्याळाच्या उलट जाणारा ध्रुव माझ्या कागदावर घड्याळासारखा चालला होता. बाबांनो, एक्स उजवीकडे घेतलात तर वाय खाली काढा. आणि पत्रकासोबतच्या डेटा फाइलमधल्या ‘पी’ अक्षराच्या ओळी पेननं काढू नका, ते अंदाज असतात. ‘आय’ म्हणजे मोजलेलं.

हे वेटोळं मोठं असतं तेव्हा दहा-पंधरा मीटर व्यासाचं होतं, मग आक्रसतं. फुगण्या-आक्रसण्याचा हा फेरा साधारण साडेसहा वर्षांचा. कारण यात दोन डुगडुगी मिसळल्या आहेत, एक बरोबर वर्षाची आणि एक सुमारे ४३३ दिवसांची.

वर्षाची समजायला सोपी आहे. हिवाळ्यात सायबेरियावर थंड, जड हवा साचते, उन्हाळ्यात ती पांगते. समुद्रावर दाब वाढला तर पाणी तेवढं खाली दबून बाजूला सरकतं, तळावरचं ओझं फारसं बदलत नाही. जमिनीला ती सोय नाही. दुसरं म्हणजे ओझं विषुववृत्तावर किंवा ध्रुवावर ठेवलं तर आस कलत नाही, सर्वांत जास्त जोर ४५ अंशांच्या आसपास. सायबेरियाची ती हवा नेमकी मोक्याच्या जागी बसते.

४३३ दिवसांची डुगडुग १८९१ मध्ये सेथ चँडलर यांनी दाखवली. हा माणूस पोटासाठी विमा कंपनीची आकडेमोड करायचा. त्याआधीचे गणितज्ञ ऑयलर यांचं गणित ३०५ दिवस सांगत होतं, पण ते कडक, न वाकणाऱ्या पृथ्वीचं. खरी पृथ्वी लवते, वर समुद्र आहेत, म्हणून काळ लांबला. ही डुगडुग काही दशकांत विझायला हवी होती, मग तिला ढकलतं कोण? २००० मध्ये नासाच्या रिचर्ड ग्रॉस यांनी १९८५ ते १९९६ चा हिशेब मांडला. सुमारे दोन तृतीयांश ढकल समुद्रतळावरच्या बदलत्या दाबाची, उरलेली हवेची.

याच पत्रकात दिवसाची लांबीही कळते. १९८२-८३ च्या एल निनोत वाऱ्यांनी जोर धरला, तेवढी पृथ्वी मंदावली आणि दिवस जवळपास एक मिलिसेकंदानं लांबला.

मग साहजिकच कोयनेचा हिशेब केला. १०५.२५ टीएमसी, म्हणजे सुमारे तीन घन किलोमीटर पाणी, १७ अंश अक्षांशावर. उत्तर आलं एक मिलिमीटरच्या आत! सहाही वक्र दरवाजे उघडल्यावर आम्ही रात्र रात्र जागायचो, आणि ध्रुवाला त्याचं काही नाही. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाच्या ४० घन किलोमीटर पाण्यानं ध्रुव सुमारे दोन सेंटिमीटर हलेल, असा नासाचा हिशेब आहे. त्याच्याशी माझा ताळा जुळतो, एवढंच समाधान.

पण उपशाची गोष्ट वेगळी. १९९३ ते २०१० या काळात जगभर उपसलेल्या सुमारे २,१५० अब्ज टन भूजलानं ध्रुव ८० सेंटिमीटर पूर्वेकडे सरकला, असं २०२३ मध्ये एका अभ्यासात मांडलं गेलं. म्हणजे सव्वासातशे कोयना. पश्चिम उत्तर अमेरिका आणि वायव्य भारत इथला उपसा त्यात सर्वांत भारी, कारण पुन्हा तोच, मधले अक्षांश. आमच्या खात्यात भूजल म्हणजे दुसऱ्याचं टेबल. मीही कधी तिकडे मान वळवली नव्हती.

एका मोबाइल अॅपनं हेच ‘लाइव्ह’ दाखवतो म्हणून ९९ रुपये घेतले. तीन आठवडे ठिपका जागचा हलला नाही. नाव घेत नाही, पैसे गेले. मूळ पत्रक फुकट असताना मध्ये दलाल कशाला?

सुरू करणार असाल तर पेन्सिल २एच घ्या. एचबीचा ठिपका माझ्या प्रमाणात अर्ध्या मीटरचा होतो.