शुगर सेन्सर: पैसे १४ दिवसांचे, चालला ११ दिवस

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. दंडावर चिकटवायचा, चौदा दिवस शुगर दाखवत राहणारा हा सेन्सर एकदा घ्या, शेजारी वही ठेवा, काय खाल्लं ते लिहा आणि मग विसरून जा. दर महिन्याला दोन-दोन लावायचे असतील तर ते इन्सुलिनवाल्यांनी, त्यांना खरोखर गरज असते, रात्री शुगर खाली जायची भीती असते. माझ्यासारखी सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची (डायबिटीसची) एक-एक गोळी घेणारी असेल तर एक पुरे.

माझं वय ४९, वजन ५२ किलो, म्हणजे शाळेपासून काडीपैलवानच. त्यामुळे डायबिटीस निघाला तेव्हा ऑफिसमध्ये सगळे एकच म्हणाले, तुला कसा काय? कसा काय म्हणजे, इथेच पुण्यात, आपल्या रास्ता पेठेत केईएम हॉस्पिटलला डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगतायत, की बारीक माणसालाही होतो. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) तंतोतंत सारखा, २२.३, आणि चरबी मोजली तर युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून बारीक आणि आतून तुपाचा डबा, आपल्याकडचा हा प्रकार. मी तो फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, कोणी 'कसा काय' म्हटलं की दाखवते.

तर सेन्सर. टिळक रोडवरच्या एका मेडिकलमधून घेतला, पावणेपाच हजार. दंडाच्या मागच्या बाजूला ठप्पकन बसतो, दुखत नाही, खरंच नाही, बोटाला सुई टोचायला जास्त दुखतं. आत केसाएवढी तार राहते. पहिला तास तो काहीच दाखवत नाही, आणि पहिला दिवस तर जे दाखवतो ते फारसं मनावर घेऊ नका, त्वचेत नुकतीच तार गेलेली असते त्यामुळे आकडे उड्या मारतात. माझं मॉडेल मोबाईल जवळ नेऊन स्कॅन करायचं होतं आणि आठ तासांच्या आत एकदा तरी स्कॅन करावंच लागतं नाहीतर मधला ग्राफ गायब, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि माझी पहिली अख्खी रात्र गेली.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. तो रक्तातली शुगर मोजतच नाही, पेशींच्या मधे जे पाणी असतं त्यातली मोजतो, आणि तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं, कधी जास्त, लागतात. पालखीच्या दिवशी पुढची दिंडी फर्ग्युसन रोडला लागलेली असते आणि मागची अजून वाकडेवाडीत असते ना, तसं. शुगर भराभर चढत किंवा उतरत असताना ग्लुकोमीटर (बोट टोचून रक्तातली शुगर मोजायचं यंत्र) आणि सेन्सर जुळणार नाहीत, उगाच कंपनीला शिव्या देऊ नका (माझ्या शिव्या पुढे आहेत, त्या वेगळ्या कारणाला).

दुसऱ्या दिवशी रविवार, कांदेपोहे. खाण्याआधी ११८, तासाभराने २१४. मी हादरलेच. आयुष्यभर जिलबीला घाबरले आणि चोर निघाले पोहे, शेव-खोबरं घातलेले, 'हलकं काहीतरी' म्हणून खाल्लेले. मग मी लगेच घरात जाहीर केलं की पोहे बंद. पुढच्या रविवारी नवऱ्याने हट्टाने परत केले, तीच वाटी, तेवढेच, त्याच वेळेला, आणि यावेळी १७६. आता यातलं खरं कुठलं? ही काही माझी एकटीची गंमत नाही, अमेरिकेत केविन हॉल नावाच्या संशोधकाच्या टीमने डायबिटीस नसलेल्या लोकांना तेच जेवण आठवडाभराने पुन्हा देऊन बघितलं, तर एकाच माणसाचे दोन वेळचे आकडे इतके वेगळे आले की एका ग्राफवरून 'मला हे चालतं, हे नाही' ठरवणं धाडसाचंच. झोप, आदल्या दिवशीचं जेवण, टेन्शन, सगळं त्यात येतं. म्हणून म्हणते, एखादा पदार्थ एकदाच खाऊन त्याला फाशी देऊ नका, दोन-तीनदा बघा.

पण काही गोष्टी मात्र दरवेळी तशाच आल्या. एक म्हणजे जेवणाचा क्रम. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी फक्त ११ डायबिटीसवाल्यांवर एक छोटा प्रयोग केला होता, आधी भाजी आणि चिकन, पंधरा मिनिटांनी ब्रेड आणि संत्र्याचा ज्यूस, आणि दुसऱ्या वेळी उलटं. भाजी आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची शुगर ३७ टक्क्यांच्या आसपास कमी होती. लोक तेच ११, जेवण तेच, फक्त क्रम वेगळा. मी आपलं देशी करून बघितलं, आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ, दहा मिनिटं थांबून मग भाकरी आणि वाटीभर भात. चारपैकी चारही वेळा डोंगराची टेकडी झाली. अडचण एकच, ती दहा मिनिटं ताटावर नुसतं बसून काढायची, आणि समोर सासूबाई 'अगं भात गार होतोय' म्हणून बघत असतात.

दुसरी शतपावली. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली ४१ जणांवर अभ्यास झाला, दिवसातून कधीही एकदम अर्धा तास चाला असं एकदा, आणि प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला असं एकदा. जेवणानंतर चालल्यावर शुगर १२ टक्के कमी, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. माझी आजी वाचून हसली असती. पाऊस होता म्हणून मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारल्या, वॉचमनकाकांना दोन दिवस वाटलं माझं काहीतरी हरवलंय.

आणि आषाढी एकादशी! सहावा दिवस. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रात्री परत थोडी खिचडी आणि राजगिऱ्याचा लाडू. २६३. अकरा दिवसांतला सगळ्यात मोठा आकडा उपवासाच्या दिवशी. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, हे वाचलेलं होतं, पण दंडावर बसून कोणी दाखवलं की वेगळं वाटतं. सासूबाईंना ग्राफ दाखवला, त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाल्या, देवाचं आहे, एक दिवस चालतं.

घाबरवलं पण एकदा. रात्री तीनला पाणी प्यायला उठले, सहज स्कॅन केलं तर ५८. नवऱ्याला उठवलं, साखरेचा डबा काढला, आणि मग सुचलं म्हणून बोट टोचलं तर १०४. मी त्याच कुशीवर झोपले होते, दंड दाबला गेला की तिथला आकडा खोटा खाली जातो, हे माहितीपत्रकात कुठेतरी मुंगीच्या अक्षरात आहे म्हणे. तसंच व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही सेन्सरवर आकडा खोटा वर जातो, सर्दीला ५०० मिलीग्रॅमची गोळी चघळायची सवय असेल तर डॉक्टरांना विचारा. थोडक्यात ग्लुकोमीटर अडगळीत टाकू नका, आणि सेन्सर बघून स्वतःच गोळी कमी-जास्त तर अजिबात नको. आमच्या डॉक्टरबाईंनी ग्राफ बघून गोळी तेवढीच ठेवली, फक्त नाश्ता बदलला.

आता शिव्या. अकराव्या दिवशी पावसातून भिजत आले, रेनकोट काढला आणि बाहीबरोबर सेन्सरही आला. कस्टमर केअरला फोन, तिथे फोटो पाठवा, बॅच नंबर पाठवा, दोन दिवसांनी परत फोन, आणि शेवटी उत्तर काय तर 'मॅडम, तो आपोआप पडला असता तर बदलून दिला असता.' आषाढात पुण्यात माणूस रेनकोट न घालता कसा फिरणार ते मात्र सांगितलं नाही. तीन दिवसांचे साधारण हजार रुपये गेले. वरून चिकटवायची जाळीदार पट्टी वेगळी मिळते, ती पहिल्याच दिवशी लावा, माझ्या मैत्रिणीचा तिच्या जोरावर पोहण्याच्या तलावातही टिकला.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या रेनकोटचा कापला, एक रात्री तीनचा. सासूबाई आता म्हणतायत मलाही एक लावून दे, त्यांना आधी बोटाच्या सुईचीही भीती होती. म्हटलं लावू, श्रावणात लावू का? तर म्हणाल्या, नको, सगळे उपवास आटपू देत.